कॅसेटवरची जिन

आमच्या ऑफिसात अलीकडे जुन्या संगणकांचं भारी कौतुक सुरू झालंय. ज्यांनी आयुष्यात कधी पेन्सिल घालून कॅसेटची फीत गुंडाळली नाही, ती पोरं डबा खाता खाता 'काय दिवस होते ते' असे सुस्कारे टाकतात. परवा एकानं मोबाइलवर एक आवाज लावला आणि म्हणाला, मॅडम, ओळखा. आधी एक लांब, सरळ शिट्टी. मग पत्र्यावर खडे सांडावेत तशी खरखर. कॅसेटवर भरलेला प्रोग्राम संगणकात जाताना व्हायचा तो आवाज. माझा घास हातातच राहिला. पोरांना वाटलं, मॅडम गहिवरल्या. गहिवरले बिहिवरले काही नव्हते. मला धस्स झालं होतं. इतक्या वर्षांनीही ती शिट्टी ऐकली की धस्सच होतं. त्याचं कारण सांगायला डब्याची सुट्टी पुरली नसती, म्हणून इथं लिहितेय.

मी वणीची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या शाळेत सरकारी योजनेतून एक संगणक आला. संगणक म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड, सगळी यंत्रणा त्याच्याच पोटात. पडदा म्हणून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. त्याच्याजवळ स्वतःची अशी आठवण नव्हती. वीज गेली की सगळं गेलं. म्हणून लिहिलेला प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटमध्ये भरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट वाजवून संगणकाला ऐकवायची. संगणक ऐकायचा, आणि त्याचं डोकं ठिकाणावर असेल तर त्याला सगळं आठवायचं.

विजेचा भरवसा नसल्यामुळं गावातल्या एका दुकानदारानं शाळेला स्टॅबिलायझर भेट दिला होता. त्याला दोनच पिना लागायच्या. एक संगणकाची, एक टीव्हीची. रेकॉर्डरचं काय, असं आमच्या बाईंनी विचारलं तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना वेड्यात काढलं. गाणी वाजवायच्या डबड्याला कसले लाड करायचे? लग्नात, जयंतीला, गणपतीत तो कुठंही लावला तरी वाजतो की. झालं. रेकॉर्डर फळ्याशेजारच्या बोर्डात, थेट भिंतीत लागला. आमच्याकडं हे असंच. महाग वस्तूला पाट, स्वस्त वस्तूला जमीन.

या बाई आम्हाला विज्ञान शिकवायच्या आणि संगणकाची किल्ली त्यांच्याकडं असायची. नववीतल्या आम्हा पाच-सहा मुलींना त्यांनी बेसिक ही संगणकाची भाषा शिकवली. चूक शोधणं हा त्यांचा खरा विषय. प्रोग्राम अडला की त्या खुर्ची मागं सरकवून हाताची घडी घालायच्या आणि म्हणायच्या, सांग आता, कुठं लपलीय ती? एखादा स्वल्पविराम सुटलेला असायचा, नाहीतर एक ओळ भलत्याच ओळीकडं पाठवत असायची. ती चूक सापडली की जो आनंद व्हायचा त्याला तोड नाही. तेवढ्यापुरतं ऑफिसातल्या पोरांचं मला पटतं. कॅसेट भरतानाही एक शिस्त होती. पंखा बंद, दार बंद, बोलायचं नाही. आवाजाच्या बटणावर बाईंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, त्याच्या पुढंमागं बटण गेलं तर खैर नाही. शिट्टी सुरू झाली की आम्ही श्वाससुद्धा जपून घ्यायचो.

माझे बाबा मुकुटबन रोडवरच्या एका जिनमध्ये फिटर होते. कापूस जिनमध्ये जातो, रोलरवरून फिरतो, सरकी खाली पडते आणि रुई पुढं जाते, एवढं वणीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते नेमकं कसं होतं हे मला बाबांनी समजावलं होतं. संध्याकाळी ते सायकल भिंतीला टेकवायचे, आई दारातच त्यांच्या केसांतली, कानांतली रुई वेचायची आणि मगच त्यांना घरात घ्यायची. हा आमच्या घरचा रोजचा नेम. नखं ऑइलनं काळी. जेवताना मी प्रश्न विचारायची, ते ताटातल्या भाकरीचे तुकडे मांडून रोलर कुठं, पाती कुठं, पट्टा कुठून फिरतो ते दाखवायचे. माझ्या संगणकाची त्यांना गंमत वाटायची. 'चालली का तुमची मशीन, का खाऊन-पिऊन झोपली?' असं रोज विचारायचे. त्यांना वाटायचं, पोरगी टीव्ही बघायला जाते.

म्हणून मी ठरवलं की पडद्यावर त्यांचीच जिन चालवून दाखवायची. वरून चांदण्यांसारखी चिन्हं पडणार तो कापूस, मधे फिरणाऱ्या आडव्या रेघा तो रोलर, खाली ठिपके सांडणार ती सरकी, उजवीकडं भरत जाणारा चौकोन ती रुईची गाठ. जानेवारीच्या शेवटी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि पालकांना बोलावणं होतं. बाबांनी आपल्या जिनला पडद्यावर चालताना बघावं, मी तिथं काय करते ते त्यांना एकदा कळावं, याशिवाय मला दुसरं काहीही नको होतं. बक्षीसही नको होतं. खोटं कशाला बोलू, नको नव्हतं, पण त्याचा नंबर दुसरा होता.

दिवाळीनंतर महिनाभर खपून मी तो प्रोग्राम पुरा केला. पुष्कळसा थेट कीबोर्डवरच बदलत गेले होते, कागदावर अर्धामुर्धाच उतरला होता. तो कॅसेटवर भरला, परत वाजवून तपासला, बरोबर चालला. लगेच दुसऱ्या दिवशी टीव्ही जळाला. तो दुरुस्तीला नागपूरला गेला, त्याला परत यायला जानेवारी उजाडला. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. आम्ही कॅसेट लावली. शिट्टी वाजली, खरखर वाजली, आणि पडदा कोराच. संगणकाला एक अक्षर कळेना.

मग सुरू झाली शोधाशोध. आवाज कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला. बाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवून रेकॉर्डर साफ केला. छोट्या स्क्रूड्रायव्हरनं आतला स्क्रू पाव वळसा इकडं, पाव वळसा तिकडं फिरवला. एक छोटा नवा प्रोग्राम लिहून त्याच रेकॉर्डरवर भरला, तो एका फटक्यात परत आला. म्हणजे रेकॉर्डर ठीक, संगणक ठीक. बिघडली ती माझी कॅसेट. माझा संताप संताप झाला. मी पाय आपटले, कॅसेट करणाऱ्या कंपनीला शिव्या दिल्या, त्या छोट्या प्रोग्रामचासुद्धा मला राग आला.

जरा शांत झाल्यावर मी दोन्ही कॅसेट एकामागून एक वाजवल्या, नुसत्या ऐकायला. मला गाण्याचा कान आहे. आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत मी लहानपणापासून गायची, हार्मोनियमवाल्या काकांनी पट्टी बदलली की मला आधी कळायचं. नव्या कॅसेटची शिट्टी एका पट्टीत होती आणि माझ्या जिनच्या कॅसेटची शिट्टी तिच्याहून वर होती. मी बाईंना ते सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं, खुर्ची मागं सरकवली, हाताची घडी घातली.

त्यांचं म्हणणं असं निघालं. शिट्टी वर गेली म्हणजे कॅसेट भरताना रेकॉर्डर हळू फिरत होता, आता जोरात फिरतोय. हळू का फिरत होता? कारण व्होल्टेज कमी होतं. संगणकाला स्टॅबिलायझर होता, त्याला काही कळलं नाही, पण रेकॉर्डर थेट भिंतीत. आणि शाळेच्या लाइनवर व्होल्टेज ओढणारं एकच मोठं गिऱ्हाईक होतं, मुकुटबन रोडवरची जिन. दिवाळीनंतर ती जोरात चालू होती, तेव्हा वर्गातले दिवे पिवळे पडायचे. आता बघ, लख्ख आहेत. जिन बंद असणार, असं बाई म्हणाल्या.

मी हसले. म्हणाले, बाई, जिन कशी बंद असेल? माझे बाबा रोज जातात.

ते वर्ष कापसाला वाईट होतं, हे खरं. अळीनं बोंडं पोखरली होती. जो कापूस वाचला तो सरकारी खरेदीच्या रांगेत सडण्यापेक्षा गुपचूप पैनगंगा ओलांडून पलीकडच्या राज्यात चालला होता. कोणती जिन आज चालू आहे, कोणती बंद, हे गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पण आमच्या घरातून रोज सकाळी डबा जात होता आणि संध्याकाळी आई रुई वेचत होती. याहून मोठा पुरावा कोणता? बाईंनासुद्धा तो पटला. तरी त्या म्हणाल्या, घरी एकदा विचारून ये.

मी विचारलं. बाबा भाकरी मोडत होते. ते थांबले, पाणी प्याले आणि म्हणाले, 'चालू हाये. चालूच हाये ना. काहून?' मी शिट्टीचं सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, वीज मंडळानं नवा ट्रान्सफॉर्मर बसवला असेल. आणि स्वतःहून सांगायला लागले की आज तीन नंबरच्या मशीनचा पट्टा सारखा घसरत होता, दुपारभर त्यातच गेली. मी ते दुसऱ्या दिवशी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी व्होल्टेजचा नाद सोडला.

मग आम्ही जे हात धुवून मागं लागलो त्याला काही अर्थच नव्हता. बरोबर उत्तर खिडकीतून बाहेर टाकून आम्ही घरभर झाडू मारत होतो. कॅसेट उघडून फीत दुसऱ्या डब्यात घातली. अर्धवट कागदावरून प्रोग्राम परत लिहायला घेतला, पण रोलर फिरवायची जी युक्ती मला एकदा सुचली होती ती काही केल्या परत सुचेना. घरी मी रोज बाबांना जिनबद्दल काही ना काही विचारत राहिले, ते रोज उत्तर देत राहिले. आज बाया कमी आल्या. आज रोलरचं चामडं बदललं. आज मालक आलता. मी ते ऐकून प्रोग्राममध्ये काय काय घालायचं याचे बेत करायची.

प्रदर्शनाच्या दिवशी माझ्या टेबलावर कोरा पडदा होता. बाई म्हणाल्या, वेळेवर एकदा शेवटचं लावून पाहू, नाहीतर तोंडी सांग. दुपारी आईबाबा आले. आई घरून आली होती, बाबा जिनमधून थेट, तसेच मळक्या कपड्यांत, सायकलवरून. हेडमास्तर होते, इतर मुलींचे पालक होते, वस्तीतले दोघं-तिघं ओळखीचे होते. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मी कॅसेट लावली. शिट्टी, खरखर, कोरा पडदा. परत लावली. तेच.

हेडमास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं की महिनाभर तुम्ही इथं करत तरी काय होता. मला राग आला. मी ताड्कन सगळं सांगून टाकलं. शिट्टी कशी चढली, व्होल्टेजची शंका कशी आली, आणि ती शंका खोटी कशी. बाबांकडं बोट करून म्हणाले, सर, यांना विचारा, हे त्याच जिनमध्ये आहेत, जिन तर चालू आहे.

सगळे बाबांकडं बघायला लागले. बाबा कोऱ्या पडद्याकडं बघत होते. मग माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही.

ते बाईंकडं वळले आणि म्हणाले, 'बाई, तुमचंच बरोबर हाये जी. जिन बंद हाये. सहा डिसेंबर झाला आन् मंग बंद पडली ते पडलीच.'

मला आधी वाटलं, बाबा माझी बाजू घ्यायला काहीतरी खोटं बोलतायत. खोटं बोलताना माणूस असा दिसत नाही, हे कळायला एक क्षण गेला. त्या क्षणात माझ्या डोक्यातून पट्टा गेला, रोलरचं चामडं गेलं, कमी आलेल्या बाया गेल्या, मालक गेला. जेवताना मांडलेलं एकेक. त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. आई माझ्याशेजारी उभी होती. तिचा हात सवयीनं बाबांच्या कानाकडं गेला, आणि तिथं रुई होती. तिनं ती बोटात धरली आणि तशीच उभी राहिली. बंद जिनची रुई. तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

'ते सायकलच्या डब्यात बोळा ठेवला हाये,' बाबा तिला हळूच म्हणाले. 'येतानी लावतो.'

हेडमास्तर दुसऱ्या टेबलाकडं सरकले, तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. मग बाईंनीच कोंडी फोडली. म्हणाल्या, रेकॉर्डरचं व्होल्टेज खाली आणायला मधे एखादा बल्ब टाकता येईल का? बाबांना काम मिळालं. माणूस तेवढ्यानंही सावरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. वायरचा तुकडा सापडला, होल्डर सापडला. त्यांनी आधी साठचा बल्ब लावला. मी शिट्टी ऐकली. मी हातानंच अजून खाली अशी खूण केली. त्यांनी चाळीसचा लावला. बल्ब मिणमिणला. शिट्टी उतरत उतरत नेमकी बसली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान डोलावली. पुढं खरखर सुरू झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली.

त्या अवधीत, सगळे पडद्याकडं बघत असताना, मी त्यांना विचारलं की मग तुम्ही रोज जाता कुठं.

'राजूरले. कोळशाच्या सायडिंगवर. गाड्या भरतो.'

नखं काळी. ऑइल नव्हतं ते. फिटर माणूस. मशीन नुसती ऐकून कुठं दुखतंय ते सांगणारा. तो घमेली उचलत होता आणि घरी येऊन मला जिनच्या गोष्टी सांगत होता. मी विचारलं, सांगितलं का नाही? मला वाटलं ते आईचं नाव घेतील, लाज वाटली म्हणतील, लोक काय म्हणतील म्हणतील.

'तू जिनचंच चित्र काढून राह्यली होती ना त्याच्यात,' ते म्हणाले. 'रोज इचारे. तुले कसं सांगू का ते बंद हाये?'

म्हणजे ते सगळं माझ्यासाठी होतं. माझ्या प्रश्नांसाठी. दिवसभर कोळसा भरून, दहा-बारा किलोमीटर सायकल मारत येताना हा माणूस आज पोरीला काय सांगायचं ते जुळवत होता. मला त्याक्षणी त्यांचा भयंकर राग आला आणि भयंकर माया आली, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला कळलं नाही. आजही नीट कळलेलं नाही.

प्रोग्राम पुरा आला. मी रन केलं. वरून कापूस पडायला लागला, रोलर फिरला, ठिपक्याठिपक्यांची सरकी सांडली, गाठ भरायला लागली. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. हेडमास्तर परत आले आणि जणू त्यांनीच लिहिलाय अशा थाटात पालकांना दाखवू लागले. पुढच्या मुलीचा प्रयोग त्याच टेबलावर होता, ती साहित्य घेऊन ताटकळत होती. बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि प्रोग्राम थांबवायला कीबोर्डकडं हात नेला.

बाबा पडद्यासमोर वाकून उभे होते. दोन्ही हात मागं, जिनमध्ये मशीनपाशी उभे राहायचे तसे. त्यांनी मान वळवली नाही.

'बंद नका करू जी,' ते म्हणाले. 'जराशी चालू राहू द्या.'

बाईंनी हात मागं घेतला. त्या पुढच्या मुलीला खांद्याला धरून दाराशी घेऊन गेल्या. आई माझ्याजवळून निघून बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जिन चालू राहिली.